फटफटीवर कोणी बसायचं

११ डिसेंबर १९५३, शुक्रवार. सकाळी सहापासून मी अंगण सारवत होते. पावसाळ्यात पडलेले खड्डे दिवाळी उलटली तरी तसेच होते. ते आदल्या दिवशी तांबडी माती टाकून बुजवले, चोपले, आणि आता वरून शेणाचा हात फिरवत होते. खालची माती अजून ओली होती, पण दुपारी घरात पंचवीस बायका यायच्या होत्या आणि त्यांना खड्डे दाखवण्यापेक्षा ओल दाखवलेली बरी, असा मी विचार केला. धाकट्या जावेचं डोहाळजेवण होतं.

शुक्रवार ओटी भरायला चांगला. तसा तो आणखी एका कामासाठी नेमलेला होता. कल्याण कॅम्पातल्या डॉक्टरीणबाई गरोदर बायकांना शुक्रवारीच तपासत, आणि धाकटीला त्यांनी दर शुक्रवारी यायला सांगितलं होतं. कॅम्पाला तोवर उल्हासनगर असं नाव मिळालं होतं, पण आमच्या बदलापुरात ते कोणाच्या तोंडात बसलं नव्हतं. तर धाकटी तीन शुक्रवार गेली नव्हती. हा चौथा. या शुक्रवारी तर सवड नव्हतीच, कारण तिच्याच बाळाचं कौतुक करायचं होतं.

धाकटीचं वय चोवीस. लग्नाला पाच वर्षं झालेली. पहिलं पोर पाचव्यात गेलं, दुसरं आठव्यात. दुसऱ्या खेपेला तिच्या पायांवर सूज आली होती आणि आम्ही सगळ्यांनी ती चालल्यामुळे आली असं ठरवलं होतं. या खेपेला पाय पुन्हा सुजू लागले तेव्हा मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सिंधमधून आलेली पन्नाशीची बाई, आडव्या अंगाची, चष्मा नाकाच्या टोकावर. कॅम्पातल्या एका बराकीत तिने पाच खाटांचं सूतिकागृह चालवलं होतं. तिने दंडाला पट्टा बांधून दाब मोजला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "दाब चढतो आहे. पिछला बच्चा इसीसे गया होगा. हर शुक्रवार मला दिसली पाहिजे. डोकं दुखलं, डोळ्यांसमोर चमकलं, तर वार बघू नका. एकदम आणा. नाहीतर बच्चाही जाईल और माँ भी."

मी ते घरी येऊन शब्दाला शब्द सांगितलं. सगळ्यांनी गंभीर चेहऱ्याने ऐकलं, आणि मग तिला न्यायचं कशातून यावर चर्चा सुरू झाली.

आमचं घर शिरगावच्या अंगाला. स्टेशन अर्ध्या तासावर. आगगाडी मोजक्या वेळेला यायची. अंबरनाथला उतरायचं आणि पुढे कॅम्पापर्यंत टांगा. नोव्हेंबरात एकदा मी तिला तशी घेऊन गेले, तर परतल्यावर तिच्या पायातून चप्पल निघेना. बैलगाडीचाही अनुभव त्याआधी घेऊन झाला होता. गाडीत पेंढा, पेंढ्यावर दोन गाद्या, गाद्यांवर धाकटी, आणि ती हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सासूबाई आणि शेजारच्या काकू, पाचर मारल्यासारख्या. परतल्यावर धाकटी दोन दिवस उठली नाही. सासूबाईंनी त्याचा दोष वाटेत खाल्लेल्या काकडीला दिला.

राहिली फटफटी.

ती माझ्या दिरांची, धाकटीच्या नवऱ्याची. भावोजी अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते आणि ही फटफटी त्यांनी कॅम्पातून घेतली होती. लढाई संपल्यावर लष्कराने मागे ठेवलेलं पुष्कळ भंगार तिथे विकायला येई. हिरवी, अवजड, आणि सुरू करताना असा आवाज करणारी, की लढाई संपल्याचं तिला अजून कोणी कळवलं नसावं. भावोजी तिच्यावरून पंचवीस मिनिटांत कॅम्पात पोचत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वहिनी, मागे गादी बांधतो आणि नेतो. हाय काय आणि नाय काय."

यावर आमच्या घराने तीन आठवडे विचार केला.

सासूबाईंचं म्हणणं, पोटातल्या जिवाला एवढा आवाज सोसत नाही, मूल बहिरं निघेल. त्यांना स्वतःला पाच मुलं झाली, पाचही आगगाडीच्या रुळालगतच्या घरात. त्यातलं एकही बहिरं नाही. ऐकत मात्र कोणीच नाही.

सुईण आली. आगऱ्यांची म्हातारी, निम्म्या गावाची नाळ तिनेच कापलेली. तिने फटफटीला लांबूनच एक फेरी घातली. "अगो बाय, पोर ताकावानी घुसळून निंगल. नाल गल्याला गुरफटल. बैलाची गारी बरी. बैलाला जीव हाय, त्याला कलतं पोटुशी बाय बसलीय ती."

"मागच्या वेळी त्याला कळलं नव्हतं वाटतं," मी म्हटलं.

"तवा त्याला माशी चावली आसंल."

आमचे हे कल्याणला कचेरीत. ते वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "विलायतेत बायका स्वतः चालवतात."

"मग नेऊ द्यावं म्हणता?" मी विचारलं.

"मी कुठे तसं म्हटलं? मी विलायतेतलं सांगितलं."

काकूंची अडचण आणखी वेगळी. पोरगी बसणार कशी? एका बाजूला दोन्ही पाय सोडून, की दोन्हीकडे पाय टाकून? एका बाजूला बसली तर पोट वाकडं, दोन्हीकडे बसली तर लोक वाकडे. नऊवारीत जमेल, पाचवारीत जमणार नाही, हा निर्णय व्हायला अख्खी दुपार लागली. धाकटी पाचवारी नेसायची, त्यामुळे पुढची दुपार तिला नऊवारी शोधण्यात गेली.

भावोजींना शास्त्रीय पुराव्याची हौस. एका रविवारी त्यांनी मागच्या गादीवर पाण्याने काठोकाठ भरलेला तांब्या बांधला आणि म्हणाले, "अंबरनाथपर्यंत जाऊन येतो. थेंब सांडला तर नाव बदलीन." तासाभराने परत आले. तांब्यात पाणी अर्धं.

"काय झालं भावोजी?"

"ऊन होतं, वहिनी. उडालं."

नोव्हेंबर अखेरीचं ऊन. गादी पिळली तर तीतून उडालेलं सगळं पाणी निघालं.

माझंही मत होतंच, ते सांगते, म्हणजे मी या सगळ्यांतून वेगळी होते असा समज व्हायला नको. धक्क्यांची मला फारशी भीती नव्हती. पोटातलं पोर पाण्यात असतं, ते तांब्यातल्या पाण्यासारखं हिंदकळून सांडत नाही. मला भीती होती पडण्याची. तो रस्ता म्हणजे खडी, धूळ आणि वाटेत आडव्या बसलेल्या म्हशी. सात महिन्यांचं पोट घेऊन, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने नवऱ्याचा सदरा धरून बसायचं, आणि दुसऱ्या हाताने पदर सावरायचा, कारण तो चाकात गेला तर वेगळंच. सुरुवातीचे महिने असते, रस्ता बरा असता, गाडी हळू चालवणारा माणूस असता, तर मी विचार केला असता. इथे यातलं एकही नव्हतं. म्हणून मी नाही म्हटलं आणि अजूनही तेच म्हणेन. पण नाही म्हटल्यावर दुसरी सोय करायची असते, हे मी विसरले. पुढच्या शुक्रवारी बघू, असं मी दोनदा म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.

या सगळ्यात धाकटी कोपऱ्यात बसून तांदूळ निवडायची. तिला कोणी काही विचारलं नाही. तिचा संबंधच काय! बसणार ती होती, एवढंच.

तर डोहाळजेवण. डोहाळकरणीला कशात तरी बसवायचं असतं: झोपाळ्यावर, नावेत, बागेत. काकूंच्या मुलीला दोन महिन्यांपूर्वी झोपाळ्यावर बसवलं होतं, म्हणून झोपाळा बाद. नाव करायला पुठ्ठे नव्हते. बागेसाठी मागितलेल्या कुंड्या त्यांच्या मालकिणीने दिल्या नाहीत. सासूबाई दोन दिवस विचारात होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "फटफटीवर बसवू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "सासूबाई, तीन आठवडे तुम्ही तिला त्या गाडीपाशी फिरकू दिलं नाहीत."

"चालत्या फटफटीला मी नको म्हटलं. उभ्या फटफटीला काय होतंय? आणि काकूंच्या सात पिढ्यांत कोणी फटफटीवर डोहाळे पुरवले नसतील."

हे मात्र खरं होतं.

भावोजींनी गाडी अंगणात आणून मधोमध उभी केली आणि पुरुषांनी थांबायचं नसतं म्हणून मागच्या दारी गेले. बायकांनी तिला सजवलं. दोन्ही मुठींना झेंडूच्या माळा, दिव्याला कुंकू, टाकीवर जरीचं खणाचं कापड. मागच्या गादीवर पाट, पाटावर उशी. दुपारी धाकटीला हिरवं पातळ नेसवून, फुलांची वाडी घालून बाहेर आणलं. कासाराने सकाळी तिला हिरवा चुडा भरला तेव्हा तिच्या मापाच्या बांगड्या हातावरून चढल्या नव्हत्या. त्याने दोन मापं मोठ्या काढल्या. त्याही साबण लावून घातल्या. तोंड गोल, गुलाबी, डोळे बारीक झालेले.

"काय तेज आलंय पोरीच्या तोंडावर!" काकू म्हणाल्या.

"एवढं तेज म्हणजे मुलगीच," दुसरी कोणी म्हणाली. आणि त्यांनी आळीपाळीने तिच्या गालाला हात लावून ते तेज दाबून पाहिलं.

मीही त्या तेजाकडे बघत उभी होते. हातात ओटीचं सूप होतं, पंचवीस बायकांच्या पुऱ्या तळायच्या होत्या, आणि शहाणपणाला मला त्या दिवशी सवड नव्हती.

दोघींनी तिला धरून वर बसवलं. एका बाजूला पाय सोडून, हा प्रश्न तेवढा सुटला. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपायच्या आत मला दिसलं की समोरचं चाक हळूहळू माझ्याकडे वळतं आहे. गाडी ज्या लोखंडी पायावर उभी होती तो माझ्या नव्या मातीत रुतत चालला होता. वरून शेणाने गुळगुळीत, आत लोणी. मी सूप टाकून धावले. धाकटी सरळ माझ्या अंगावर आली, तिला घेऊन मी खाली बसले, आणि फटफटी दुसऱ्या बाजूला, सुदैवाने रिकाम्या बाजूला, धाडकन आडवी झाली. झेंडू चहूकडे उडाले. कुठेही न जाता, इंजिन बंद असताना, फटफटीवरून पडणारी गरोदर बाई आमच्या घरातच निघायची होती.

तिला लागलं नव्हतं. पण ती माझ्या मांडीवर डोकं टेकून डोळे मिटून पडली आणि उठेना.

"दृष्ट लागली," सासूबाई म्हणाल्या. "मीठमोहऱ्या आणा."

"वहिनी," धाकटी हळूच म्हणाली, "डोकं परवापासून फार दुखतंय. आणि डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

"परवापासून? मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, परत गाडीचा विषय निघेल."

मी तिचं पातळ वर करून नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. आजूबाजूला पंचवीस बायका होत्या, त्यांनी तो पाहिला. तेजाबद्दल पुन्हा कोणी बोललं नाही.

भावोजी मागच्या दाराने धावत आले. "वहिनी, आत्ताच्या आत्ता मागे बसवतो आणि नेतो."

"तुझ्या मागे?" सासूबाई कडाडल्या. "बैलगाडी जुंपा."

"बैल गवताला गेलेत," काकू म्हणाल्या. "संध्याकाळच्या आत काही येत नाहीत. आगगाडीच बरी."

"आगगाडी आत्ताच गेली. शिटी ऐकली मी."

आणि मिठाच्या खड्यांची मूठ हवेत तशीच ठेवून सासूबाईंनी पुन्हा फटफटीने मूल बहिरं होतं इथून सुरुवात केली. मी तोंड उघडणार होते, माझंही जुनं मत पुन्हा सांगणार होते. तेवढ्यात माझ्या मांडीवरून आवाज आला. मोठा नव्हता, पण धाकटीला त्या आवाजात बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"मीच जायला पाहिजे का? त्या बाईंना बसवून आणा की फटफटीवर. त्यांच्या पोटात काही नाही ना?"

तीन आठवडे, सहा डोकी, त्यात एक कचेरीतलं आणि एक फिटरचं. हे कोणालाही सुचलं नव्हतं. मला तर मुळीच नाही, आणि घरात व्यवहारी म्हणून माझा लौकिक.

"जा भावोजी," मी म्हटलं. "डोकेदुखी आणि काजवे, एवढे दोनच शब्द सांगा. तांब्याची गोष्ट सांगू नका."

त्यांनी फटफटी उभी केली, वाकडी झालेली मूठ गुडघ्यात धरून सरळ केली, आणि माळा काढायचंही भान न ठेवता निघाले.

तासाभराने फटफटी परत आली. आधी आवाज, मग धूळ, मग धुळीतून डॉक्टरीणबाई. दोन्हीकडे पाय टाकून, मांडीवर पेटी, डोक्याला रुमाल बांधलेला, एका हाताने भावोजींचा कमरपट्टा आवळून धरलेला. वाटेतल्या पोरांनी वरात समजून मागे धावायला सुरुवात केली होती म्हणे. दारात उतरताना त्या भावोजींना म्हणाल्या, "सांईं, बहुत अच्छा चलाया. अगली बार रस्ते पे चलाना."

काकूंनी त्यांच्या साडीकडे बघितलं. साडी पाचवारी होती.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या बायकांना बाहेर काढलं, खिडकीला चादर लावून अंधार केला, दाब मोजला, एकदा, मग परत एकदा. मग पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली. "ठोके आहेत. अच्छे आहेत." मग त्यांनी धाकटीला सुई टोचली, हातपाय धुतले आणि बाहेर येऊन माझ्यावर तोंड सोडलं.

"मी बोलली होती ना, हर शुक्रवार? चार शुक्रवार कुठे होती?"

"न्यायचं कशातून, यावर एकमत झालं नाही," मी म्हटलं.

"एकमत!" त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्युनिसिपालिटी आहे का?"

सासूबाई पुढे झाल्या. त्यांना अजूनही निकाल हवा होता. "पण डॉक्टरीणबाई, फटफटीवर पोटुशीने बसलेलं चालतं का? तुम्हीच सांगा."

"नको बसवू. गिरेगी. गिरने से बच्चा जाता है." सासूबाईंनी विजयी मुद्रेने भावोजींकडे पाहिलं. "लेकिन माँजी, बसवली नाही, और दिखाई भी नाही, उससे ज्यादा जाता है. आज शाम तक कोई न आता, तो मला बोलवायची जरूरत नव्हती."

मग हुकूम. मीठ बंद. आवाज बंद. रात्रभर अंधारात कुशीवर झोपवा. आणि सकाळी तिला सूतिकागृहात आणा, बाळ होईपर्यंत ती तिथेच राहील. "बसवून नको आणू. झोपवून आणा. कशातून ते मला विचारू नका." आणि ओटीचा नारळ हातात घेऊन त्या पुन्हा फटफटीवर चढल्या.

त्यांची पाठ वळताच सासूबाई म्हणाल्या, "झोपवून? झोपवून कशातून नेणार?" कचेरीतून आलेले हे वर्तमानपत्र खाली ठेवून उठत होते, काकू दारातून आत येत होत्या. एकमत व्हायला सगळे जमत होते. मी आतून कडी घातली आणि धाकटीच्या उशाशी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी उठायच्या आधी, मी स्टेशनजवळच्या गवताच्या वखारीत गेले. मुंबईच्या तबेल्यांसाठी तिथून रोज गवताची लॉरी सुटत असे. मालक दात घासत होता. मी म्हटलं, लॉरी आधी आमच्या दारी येईल, मग कॅम्पात, मग मुंबईला. वरचे गठ्ठे उतरवा, तळाला सुटं गवत पसरा, हातभर जाड.

"बाई, अशी पद्धत नाही," तो म्हणाला.

"नसेल. लॉरी किती वाजता आणता?"

सात वाजता लॉरी दारात होती. सासूबाईंनी ओटी भरलेल्या बाईला गवताच्या लॉरीत घालतात का, असं विचारलं. मी म्हटलं, घालतात, पाय धरा. गवतावर गादी, गादीवर धाकटी आडवी, डोक्यावरून ओली चादर. भावोजींना मी आधीच पुढे पाठवलं, खाट रिकामी ठेवा म्हणून सांगायला, आणि बरोबर नको म्हटलं, वाटेतल्या म्हशी उधळल्या असत्या. ड्रायव्हरला बजावलं की चालत्या माणसाने मागे टाकलं तरी चालेल, पण धक्का लागता कामा नये. अंबरनाथच्या अलीकडे दोन माणसांनी आणि एका बैलगाडीने आम्हाला खरंच मागे टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी दारातच दाब मोजला. कालच्यापेक्षा थोडा उतरला होता. त्यांनी नळी लावली, ऐकलं, आणि मला विचारलं, "हिच्याजवळ कोण राहणार?"

"मी," मी म्हटलं. ट्रंकेतली चादर काढून खाटेवर घातली, धाकटीला कुशीवर वळवलं, तिच्या हातातून त्या मोठ्या मापाच्या बांगड्या साबण लावून एक एक करून उतरवल्या, आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला विचारलं, इथे पाणी किती वाजता येतं.